डबीचे कान

टेबलावर तिच्याआधी मल्टिमीटर आला, मग ऑसिलोस्कोप. दोघंही कामाचे. पण ही आल्यापासून मी दुरुस्तीची सुरुवात तिला विचारूनच करतो. लाल रंगाची, विटेहून लहान ॲल्युमिनियमची डबी. पुढे दोन तोंडं, गेनचे दोन गोल नॉब, मागे यूएसबीची वायर. फोकसराइटची स्कार्लेट २आय२. घरोघरी ती गळा नि गिटार रेकॉर्ड करायला येते. माझ्याकडे ती आली आजारी ॲम्प्लिफायरची छाती तपासायला.

लॅपटॉपला माइकचं भोक असतंच, मग वेगळी डबी कशाला, असं इथे नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानात मला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण ते भोक बहुतेक एकाच कानाचं. माइकसाठी ते स्वतःच थोडा व्होल्टेज बाहेर सोडतं, आणि आतलं सॉफ्टवेअर गोंगाट समजून नेमकं तेच पुसतं जे मला शोधायचं असतं. ज्याला खरखर मोजायची आहे त्यानं खरखर झाकणारा साक्षीदार घेऊच नये.

स्कोपचा डोळा दूरचा आहे. त्याला मेगाहर्ट्झ दिसतात, डीसी दिसतो. मात्र साधा स्कोप ८ बिटांचा, म्हणजे सगळी लाट तो २५६ पायऱ्यांत बसवतो. साइन वेव्ह एक टक्का बिघडली तरी पडद्यावर ती गुळगुळीतच वाटते. हिच्या २४ बिटांत हिशेबानं एक कोटी सदुसष्ट लाख पायऱ्या. तळच्या काही तिच्या स्वतःच्या सळसळीत बुडतात, तरी ०.०१ टक्क्याचा डाग ती वेगळा काढून दाखवते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी घरातल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरला तिच्यासमोर बसवलं होतं.

ती बहिरी कुठे आहे, हे मात्र आधी माहीत हवं. डीसी तिला ऐकूच येत नाही. बॅटरी लावा, काटा ढिम्म. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला १,९२,००० नमुने घेणारी ही डबी त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतच पोचते. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी याच नागपूरच्या ट्रान्समीटरवरून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभर साऱ्या देशाला ऐकू जायची. ती लहर थेट पकडणं हिच्या आवाक्याबाहेरचं. रेडिओतून आवाज होऊन उतरली, की मग ही कान देते.

घेताना लोक बिट आणि किलोहर्ट्झ विचारतात. मी म्हणतो, आधी विचारा की लाइन इनपुट किती सोसतं. माझी डबी तिसऱ्या पिढीची. गेन तळाला असताना ती २२ डीबीयू घेते, म्हणजे सुमारे पावणेदहा व्होल्ट. आता ८ ओहमवर १०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर धरा. त्याच्या टोकांवर २८ व्होल्ट असतात. म्हणून मध्ये ९ किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर हवा. २८ चे २.८ होतात. आणि नव्या क्लास-डी बोर्डांपासून सांभाळा. त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकरची काळी वायर म्हणजे ग्राउंड नसते, ती लालइतकीच जिवंत असते. डबीचं ग्राउंड तिला लावलं की बोर्ड तरी जातो, डबी तरी. आधीची एक डबी मी अशीच गमावली. चूक पूर्ण माझी होती, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गेन एकदा हलला की आधीचं सगळं माप वाया. म्हणून दोन्ही गेन तळाला, वर चिकटपट्टी. मल्टिमीटरनं मोजलेला एक व्होल्ट तिला देऊन तिच्या भाषेत तो किती, हे लिहून ठेवलंय. हा व्होल्ट १०० हर्ट्झचा घ्यावा. स्वस्त मल्टिमीटरचा एसी वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचा राहत नाही. आणि कामाला बसण्यापूर्वी रोज तिचं आउटपुट तिच्याच इनपुटला जोडतो. तिची स्वतःची सळसळ, स्वतःचा डाग तिच्याच तोंडून कळतो. ते वजा करूनच दुसऱ्याचा दोष सांगायचा.

गेल्या मे महिन्यात पारडीकडचे एक काका भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर घेऊन आले. “पाहून द्या ना जी, मशीन नुसती घूंऽ करून राह्यली. भजन ऐकूच येत नाही.” कुणीतरी त्यांना अर्थिंगचा दोष सांगितला होता. डबी लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर ५० हर्ट्झची रेघ बुटकी आणि १०० ची ताडासारखी. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५०. अर्थिंगची किंवा वायरच्या फेऱ्याची घरघर तिथेच मोठी दिसते. रेक्टिफायर मात्र लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून त्यानंतरची घरघर १०० ची. म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकलेले. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा आमचा ठोकताळा. हे मशीन कित्येक उन्हाळे पत्र्याच्या खोलीत राहिलं होतं.

दोन कंडेन्सर बदलले. १०० ची रेघ खाली बसली. ५० ची थोडी उरली होती, म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढला आणि कूलर बंद केला. खोली तापायला लागली, पण पडदा सपाट झाला.

काकांनी माइक जोडला, पिशवीतून खंजिरी काढली आणि एक थाप दिली. डावीकडे कातड्याचा ठोका उभा राहिला, आणि उजवीकडे, पार १५ किलोहर्ट्झच्या पुढे, झांजांची किणकिण पसरत गेली. काका पडद्याकडे वाकले. “हे माझंच हाय का?” म्हणाले, आणि पुन्हा एकदा थाप दिली.