वाशीमचे मत आणि यादीतले नाव

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. वाशीम नावाचा लोकसभा मतदारसंघ मात्र त्याहून जुना होता. जिल्हा होऊन दहा वर्षे होत नाहीत तोच 2008 च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ नकाशावरून गेला. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळशी जोडले गेले, रिसोड अकोल्याकडे गेला. मेडशी आणि मंगरूळपीर हे विधानसभेचे जुने मतदारसंघही तेव्हाच संपले. जिल्हा एक, खासदार दोन, अशी आमची आजची अवस्था आहे.

या जुन्या मतदारसंघाचा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आमच्या समाजाविषयीचा एक प्रश्न दडलेला आहे. 1977 साली येथून वसंतराव नाईक लोकसभेवर गेले. राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषवलेला, बंजारा समाजातला, शेजारच्या पुसदचा माणूस. त्यांना लोक ओळखत होते. 1979 साली त्यांचे निधन झाले आणि 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसने येथे कोणाला उभे करावे? गुलाम नबी आझाद यांना! कोठे डोडा आणि कोठे वाशीम! तिशीतला हा काश्मिरी तरुण. इथली बोली, इथली कपाशी-तूर, मानोऱ्याचे तांडे, यातले काहीच त्यांच्या घरचे नव्हते. तरी ते निवडून आले, आणि 1984 साली पुन्हा आले.

आमच्या मोहल्ल्यांतून ही गोष्ट अजून अभिमानाने सांगितली जाते. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या विजयाचा अर्थ आम्ही नीट लावला आहे का? वाशीमच्या मुसलमानांची मते कितीही एकगठ्ठा पडली असती तरी तेवढ्यावर कोणी खासदार झाला नसता. आझादांच्या पारड्यात मराठा-कुणबी, बंजारा, हटकर, दलित अशा सर्वांचीच मते पडली, तेव्हाच ते दिल्लीला गेले. म्हणजे हिंदू मतदार मुसलमान उमेदवाराला मत देतच नाही, हे जे आज दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला आमच्याच मातीने दोनदा खोटे पाडले आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते मत मुख्यतः इंदिराजींना होते, 1984 साली त्यांच्या हत्येनंतरच्या दुःखाला होते. उमेदवारी दिल्लीने दिली होती. आझाद 1982 मध्ये केंद्रात उपमंत्री झाले, पुढे 2005 ते 2008 या काळात जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण त्या दोन विजयांतून रिसोड-मंगरूळपीरच्या मुस्लिम तरुणांची स्वतःची राजकीय फळी उभी राहिली, असे काही म्हणता येत नाही. आपल्या नावाचा माणूस निवडून येणे आणि आपला आवाज सभागृहात पोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. 1989 आणि 1991 ला अनंतराव देशमुख, 1996 ला शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, 1998 ला सुधाकरराव नाईक. 1999 पासून भावना गवळी, त्या नव्या यवतमाळ-वाशीममधूनही 2019 पर्यंत निवडून येत राहिल्या. 2024 मध्ये संजय देशमुख आले. या काळात महाराष्ट्रातून लोकसभेवर जाणारे मुसलमान बोटावर मोजण्याइतके उरले. 2004 ला अंतुलेसाहेब, 2019 ला इम्तियाज जलील. 2009, 2014 आणि 2024 ला एकही नाही. ज्या राज्यातल्या वाशीमने एका काश्मिरी मुसलमानाला दोनदा निवडून दिले, त्या राज्याची ही वस्तुस्थिती आहे.

यावर भाषणे पुष्कळ होतात. आम्ही शिक्षक मंडळी मात्र निवडणुकीला मतदान केंद्रावर बसतो तेव्हा आम्हाला वेगळेच दुखणे दिसते. पहिला मतदान अधिकारी यादीतले नाव मोठ्याने वाचतो, आणि समोर उभी असलेली बाई गोंधळते, कारण ते तिचे नावच नसते. उर्दूत 'ज़े', 'ज़ाल', 'ज़्वाद', 'ज़ोय' अशी चार अक्षरे. देवनागरी यादीत कोठे 'ज' तर कोठे 'झ'. शेखचा 'शे.', सय्यदचा 'स.', अब्दुलचा 'अ.' होतो. खैरुन्निसाचे 'खैरून' आणि 'निसा' असे दोन तुकडे पडतात. नसीम, शमीम ही नावे पुरुषाची की स्त्रीची, हे टंकलेखकाने ठरवायचे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरे, यादीत तिसरे.

पूर्वी हे हसून सोडून देता येत असे. आता तसे राहिलेले नाही. 2025 साली बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल तपासणी झाली आणि मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावे गेली. मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे दिली गेली. कागद जुळवताना गरिबाची काय त्रेधा उडते, ते त्या निमित्ताने साऱ्या देशाने पाहिले. ज्याच्या नावाची तीन रूपे आहेत, त्याने उद्या आपण एकच माणूस आहोत हे कसे सिद्ध करावे?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. उमेदवार कोणत्या समाजाचा, ही चर्चा निवडणुकीच्या महिन्यात होईलच. तिच्याआधी, शांत दिवसांत, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी यादी घेऊन घरोघर बसावे. दुरुस्तीसाठी नमुना 8 आहे, नव्या नावासाठी नमुना 6 आहे. मूल शाळेत दाखल करतानाच त्याचे नाव उर्दूत आणि मराठीत एकदाच, नीट विचार करून लिहावे आणि पुढे तेच चालवावे. हे काम मशिदीच्या कमिटीने केले तरी चालेल, बचत गटातल्या बायकांनी केले तर अधिकच चांगले. मत ही अमानत आहे असे आपण म्हणतो. ती ज्या नावावर ठेवलेली आहे, ते नाव आधी शाबूत हवे.