गेलेल्या नंबरचा माग

कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मोतीबिंदू काढल्यावर कोणत्या पॉवरची लेन्स बसवायची, ते ज्या मापांवरून ठरतं ती मी घेते. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका आल्या. वय 52, चष्मा फक्त वाचायला. याआधी डोळ्याचं ऑपरेशन? "नाही."

मशीन वेगळंच सांगत होतं. डोळ्याची लांबी 27.3 मिलिमीटर, एरवी ती साडेतेवीसच्या आसपास असते. इतक्या लांब डोळ्याला मोठा मायनस नंबर असायलाच हवा. आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, ताकद 37.5 डायॉप्टर, जी बहुतेकांची 43-44 भरते.

"मॅडम, तरुणपणी चष्मा होता का?"

"होता की! चांगला जाड. लग्न जमेना म्हणून बाबांनी मुंबईला नेऊन लेसरनं घालवला. ते काय ऑपरेशन म्हणायचं?"

लेसरनं नंबर गेला, तरी डोळा लांबच राहतो. सपाट होतो तो कॉर्नियाचा फक्त पुढचा पृष्ठभाग. आमचं नेहमीचं केराटोमीटर पुढचाच बाक मोजतं आणि मागचा ठरावीक प्रमाणात असेल असं धरून चालतं. लेसरनंतर ते प्रमाण मोडलेलं असतं, म्हणून कॉर्नियाची ताकद असते त्यापेक्षा जास्त दिसते. शिवाय लेन्सची पॉवर काढणारी एसआरके/टीसारखी सूत्रं सपाट कॉर्निया पाहून लेन्स पुढे बसेल असा अंदाज बांधतात. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. लेन्स कमी पॉवरची निघते आणि रुग्णाला प्लस नंबर उरतो, म्हणजे चष्म्याशिवाय ना लांबचं स्वच्छ, ना जवळचं. ज्यानं नंबर घालवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटतं.

एसआरके/टीनं 16.5 सांगितलं, लेसर झालेल्या डोळ्यांसाठीच्या बॅरेट ट्रू-के सूत्रानं 18.5. दोन डायॉप्टरचा हा फरक चष्म्यात सुमारे दीड नंबरचा होतो. बाईंनी माहेरच्या कपाटातून 1998 ची फाईल शोधून आणली: लेसरआधीचा नंबर मायनस 8, कॉर्निया 44.6. ते आकडे घालून पुन्हा गणित केलं, तरी उत्तर 18.5 च्या जवळच राहिलं, आणि सर्जननी थोडा मायनस उरेल अशा बेतानं तेच धरलं. असे कागद घरात असतील तर कुणीही रद्दीत देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बाईंना मल्टिफोकल लेन्स हवी होती, जवळचाही चष्मा सुटेल अशी. लेसरनं आकार बदललेल्या कॉर्नियावर तिनं प्रकाशाची वलयं आणि धूसरपणा वाढू शकतो, म्हणून सर्जननी एकाच अंतराची, मोनोफोकल सुचवली. त्या नाराज झाल्या. मी त्यांच्याशी बराच वेळ बोलले. सूत्र कितीही चांगलं असलं तरी लेसर झालेल्या डोळ्यात नंबर थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, हे ऑपरेशनआधीच कानावर पडायला हवं. नंतर सांगितलेलं सबबीसारखं वाटतं.

आता मी "ऑपरेशन झालंय का?" एवढ्यावर थांबत नाही. "कधी चष्मा होता का, आणि तो कसा गेला?" हेही विचारते.

पहिल्या डोळ्याचा नंबर मायनस पाऊणवर स्थिरावला. आम्ही अर्धा धरला होता. दुसऱ्या डोळ्याची लेन्स ठरवताना सर्जननी तो फरकही जमेस धरला.