ॲल्युमिनियमची दांडी

मागच्या वर्षी दिवाळी आटोपून आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. पहिल्याच रविवारी त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बाबा, मागून हात लावून बघा."

हात लावला तर गारेगार! "अरे, हे तर ॲल्युमिनियम!" माझी सगळी नोकरी वडोदऱ्याला मकरपुऱ्यातल्या एका टूलरूममध्ये झाली. धातू ओळखायला मला चष्मा लागत नाही. पण गिटारची दांडी धातूची?

त्याने हौसेने सांगितलं. गिटारच्या सहा तारा मिळून ४०-४५ किलोच्या ताणाने दांडी ओढतात. लाकूड हवेप्रमाणे वाकतं, म्हणून त्यात पोलादी सळई घालतात. (आमच्या घरचा तंबोरा पावसाळ्यात कसा रुसतो, ते मी जाणतो.) कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन यांनी १९७४ मध्ये यावर उपाय काढला : अख्खी दांडीच ॲल्युमिनियमची. त्यांचे भागीदार गॅरी क्रेमर वेगळे झाले आणि न्यू जर्सीतल्या नेपच्यून गावी त्यांच्या नावाची कंपनी निघाली. वाजवणाऱ्याच्या हाताला धातू गार लागू नये म्हणून क्रेमरच्या दांडीत मागून लाकडाच्या दोन पट्ट्या बसवल्या. टोकाला काट्याच्या चमच्यासारखा आकार. मुलाची गिटार त्यातलीच, १९७७ ची.

कल्पना तशी जुनीच. १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही इलेक्ट्रिक गिटार अख्खी ओतीव ॲल्युमिनियमची होती. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत ऐकलेली, ती याच घराण्यातली.

मग ही चाल टिकली का नाही? धातूचीही खोड असतेच. वजन जास्त, घडवायला महाग, आणि उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादी तारेच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. बीन यांचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, क्रेमरही पुढे लाकडाकडे वळली.

मागची एक पट्टी सुटत आली होती. "तुम्ही बसवून द्याल?" त्याने विचारलं. मी दोन दिवस खपून जुना गोंद खरवडला, पट्टी नीट चिकटवली, शिकंजा लावला.

काम करताना एक गोष्ट सारखी आठवत होती. बारावीत असताना याने मित्राची गिटार घरी आणली होती. "आधी ॲडमिशन, मग ही थेरं," असं म्हणून मी ती त्याच संध्याकाळी परत करायला लावली. मीच सोबत गेलो होतो, स्कूटरवर. येताना तो एक शब्द बोलला नाही. नंतरही कधी त्याने तो विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने तारा जुळवल्या. दांडी गार होती. थोडं वाजवून झाल्यावर सूर हलला. हाताच्या उबेने दांडी वाढली होती. तो पुन्हा खुंट्या पिळू लागला.

मी म्हणालो, "तेव्हा ती गिटार राहू द्यायला हवी होती रे."

त्याने मान वर केली नाही. "थांबा बाबा, आता दांडी तापलीय. आता हलणार नाही," म्हणाला, आणि वाजवू लागला.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण जेवायला हाक येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.