वॉर्सामध्ये कार्ल्याचं लेणं

हिल्व्हर्सम, मंगळवार

ती. बाबांस,


रोज फोन होतो तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही 'जेवलीस का' आणि 'थंडी किती' यांच्या पुढे सरकत नाही. शिवाय इथे जे बघतेय ते तुमच्याच धंद्यातलं आहे. ते घाईत सांगितलं तर तुम्हीच रागवाल.

आज कार्यशाळेत टेप भाजायला शिकलो. हसू नका. १९७०-८०च्या काळातल्या काही टेपांमध्ये ऑक्साइड धरून ठेवणारा थर हवेतला दमटपणा पिऊन पिऊन चिकट होतो. मशीनवर लावली की टेप किंचाळते, अडकते, आणि हेडवर चॉकलेटी गाळ साचतो. तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवून पुसायचात तोच गाळ, पण कितीतरी जास्त. उपाय असा, की स्पूल पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद आचेवर काही तास ठेवायचा. मग थोडे दिवस टेप शहाण्यासारखी वाजते. तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. आम्ही सगळे ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो होतो, आईची नानकटाई फुगताना बसायचो तसे.

या गावात डच रेडिओ-टीव्हीचा सगळा संग्रह आहे. बाहेरून रंगीत काचांची इमारत, आणि जवळजवळ अर्धी जमिनीखाली. पण मला वेड होतं ते या गावातल्या एकाच मैफलीचं. २ जून १९६४, तोही मंगळवारच. अमेरिकन जॅझवादक एरिक डॉल्फी इथल्या रेडिओ स्टुडिओत मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवून गेला. साथीला इथलीच पोरं: पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, बासवर जॅक स्कोल्स, ड्रमवर बावीस वर्षांचा हान बेनिंक. सत्तावीस दिवसांनी डॉल्फी बर्लिनमध्ये मधुमेहानं गेला. छत्तीस वर्षांचा होता. रेकॉर्ड निघाली तिचं नाव 'लास्ट डेट'. आता गंमत बघा, ते शेवटचं वादन नव्हतंच. त्यानंतर पॅरिसमध्ये वाजवलेलं पुष्कळ वर्षांनी बाहेर आलं. कपाटातून अजून एक डबा निघाला की 'शेवटचं' हा शब्द खोटा पडतो.

आणि अजून एक गंमत. आदल्या दिवशी, १ जूनला, हेच चौघे आइंटहोवनला थेलोनियस मंकची 'एपिस्ट्रॉफी' वाजवत होते. ती टेप मेंगेलबर्ग आणि बेनिंक यांनी पुढे आपल्याच 'इन्स्टंट कंपोजर्स पूल'तर्फे छापली. रेकॉर्डच्या एका बाजूला डॉल्फी. दुसऱ्या बाजूला मेंगेलबर्गचा पियानो आणि त्याचा पोपट! पोपट शीळ घालतो, मालक साथ करतो. एका थोर वादकाची दुर्मिळ टेप हाती आल्यावर तिच्या पाठीला पोपट लावायला केवढी छाती लागते. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर निषेधाची पत्रं आली असती. मला मात्र दोन्ही बाजू आवडतात, आणि पोपट सुरात आहे.

—

फिलिंगन, शनिवार

बाबा,

रोटवाइलला गाडी बदलताना चुकले. (हो, ते रोटवाइलर कुत्रं याच गावच्या नावाचं.) तासभर पावसात फलाटावर उभी होते, पण आले ती बरोबर जागी आले.

ब्लॅक फॉरेस्टमधलं हे गाव घड्याळांचं. इथे 'साबा' नावाची कंपनी होती. मूळचे घड्याळजी, मग रेडिओ बनवायला लागले. त्या घरातल्या हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांना आवाजाचं व्यसन. पाहुण्यांसमोर ऑस्कर पीटरसनला आपल्या दिवाणखान्यात वाजवायला बसवायचे आणि स्वतः वरच्या खोलीत मशीनपाशी. पियानोच्या पोटात माइक इतके जवळ, की आपणच झाकणाखाली डोकं घालून ऐकतोय असं वाटतं. पीटरसनचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्यामुळे त्या टेपा बरीच वर्षं नुसत्या घरात पडून होत्या. पुढे १९६८ साली साबा अमेरिकनांनी घेतली, तेव्हा यांनी संगीताचा संसार वेगळा थाटला. तीच 'एमपीएस' ही रेकॉर्ड कंपनी. त्यांचा स्टुडिओ आता जपून ठेवलाय. मी मिक्सरवरच्या बटणांना हात लावला आणि लगेच काढला. तुमच्या 'नको तिथे बोटं घालू नकोस'चा परिणाम, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीही.

पण मी आले ती ऑक्टोबर १९६७च्या एका टेपेसाठी. 'जॅझ मीट्स इंडिया'. कल्पना आणि निर्मिती योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांची. एका बाजूला इरेन श्वाइत्सरचा पियानो, उली ट्रेप्टेचा बास, मानी नॉयमायरचे ड्रम, शिवाय ट्रम्पेटवर मानफ्रेड शोफ आणि सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. दुसऱ्या बाजूला दिवाण मोतीहार सतारीवर, कुसुम ठाकूर तंबोऱ्यावर आणि तबल्यावर केशव साठे. आपले साठे, मुंबईचे, नंतर लंडनला स्थायिक झालेले. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझच्या रेकॉर्डींवरचा तबला त्यांचाच. लंडनच्या तबलावादकाला या जंगलातल्या घड्याळांच्या गावात आणून बसवलं, आणि तो बसला.

खरं सांगू? रेकॉर्ड मला अर्धीच पटते. सतार आणि सॅक्सोफोन बराच वेळ एकमेकांना 'आधी आपण, आधी आपण' करत राहतात. भेट म्हणतात ती होते ड्रम आणि तबल्याची. साठे अजिबात आक्रमक होत नाहीत. नॉयमायर मोकाट सुटतो तिथे हे फक्त ठेक्याची जमीन घट्ट ठेवतात, आणि मग एकदम एक तुकडा असा टाकतात की समोरचा गप्प. आणि तंबोरा! रेकॉर्डभर सगळ्यांना एकेकट्यानं वाजवायची संधी मिळते, फक्त कुसुम ठाकूर यांना नाही. त्या थांबल्या तर मात्र सगळ्यांच्याच लक्षात येईल.

एका तुकड्याचं नाव 'ब्रिगाख अँड गँजिस'. मला वाटायचं हे काहीतरी कवितेतलं असेल. काल पुलावरून गाव ओलांडताना पाटी दिसली: ब्रिगाख. आपल्या इंद्रायणीपेक्षाही अंगानं बारीक ओढा हो! गंगेशेजारी त्याचं नाव लावायचं म्हणजे कमालच. पण हाच ओढा पुढे डोनाउएशिंगनला ब्रेग नावाच्या दुसऱ्या ओढ्याला मिळतो, आणि तिथून त्याला डॅन्यूब म्हणतात. तेव्हा पाटी अगदीच खोटी नाही.

डोनाउएशिंगनला आज अर्धा दिवस जाऊन आले. नव्या संगीताचा उत्सव तिथे १९२१पासून भरतो. मला तिथलं १९७१ साल हवं होतं. त्या वर्षी पोलंडच्या पेंडेरेत्स्कीनं चक्क फ्री जॅझवाल्यांसाठी रचना केली आणि डॉन चेरीनं त्याच वाद्यवृंदाकडून आपलीही वाजवून घेतली. त्या वृंदात ब्र्योट्समान होता, हिल्व्हर्समचा बेनिंक होता, इथे साठ्यांसोबत वाजवलेला शोफ होता. चेरीच्या रचनेनंतर रेकॉर्डवर येतं ते 'सीता राम'. जर्मन सभागृहात, युरोपभरची ही दांडगी मंडळी सीतारामाच्या नावानं वाजवतायत. आजी असती तर तिनं हात जोडले असते आणि मग विचारलं असतं, हे असं का किंचाळतायत?

त्याच वृंदात पोलंडचा एक ट्रम्पेटवाला होता, टोमाश स्टान्को. नाव लक्षात ठेवा.

—

वॉर्सा, बुधवार

बाबा,

हे पत्र जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

पोलिश रेडिओनं १९५७ साली इथे प्रायोगिक स्टुडिओ काढला. प्रमुख यूझेफ पात्कोव्स्की. साम्यवादी राजवट, आणि सरकारी रेडिओच्या पोटात अशी जागा, जिथे लोक टेप कापून, उलटी लावून, वेग बदलून संगीत करतायत. १९६२ साली ऑस्कर हान्सेन या वास्तुकारानं त्यांना खोली करून दिली. तिला सगळे 'काळी खोली' म्हणत. भिंतींना फिरणारे पाट: एका बाजूनं आवाज पिणारे, दुसऱ्या बाजूनं परतवणारे. म्हणजे खोलीच सुरात लावायची. फोटो बघताना मला तुमच्या स्टुडिओतल्या काथ्याच्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे आठवले.

पण माझा माणूस आहे एउगेनिउश रुदनिक. हा संगीतकार नव्हे, इंजिनिअर. नावाजलेले संगीतकार कल्पना घेऊन यायचे आणि हा ती टेपेवर उतरवून द्यायचा. पेंडेरेत्स्की यायचा, नॉर्वेहून आर्ने नूर्हाइम यायचा. रेकॉर्डवर नाव मोठ्या अक्षरांत त्यांचं. आणि रुदनिक काय करायचा? संपादनात कापून केराच्या टोपलीत टाकलेले तुकडे गोळा करायचा. निवेदकांच्या चुका, अडखळणं, श्वास, खोकला. त्यांतून त्यानं स्वतःच्या रचना केल्या. त्या काळी सेकंदाला अडतीस सेंटिमीटर टेप जायची, म्हणजे एक खोकला साधारण वीतभर. वीत वीत जोडून हा संगीत करत होता. पुढे त्या स्टुडिओतलं काम एकेक करून रेकॉर्डींवर आलं, तेव्हा कुठे लोकांनी रुदनिकला त्याच्या नावानं ओळखलं.

तुम्हाला काय आठवलं ते मला माहीत आहे. त्याच्याकडे मी येतेच.

आधी दुकान. कालचा दिवस मोकळा होता म्हणून जुन्या रेकॉर्डींच्या एका तळघरातल्या दुकानात शिरले. मला 'अस्तिग्मातिक' हवी होती, क्षिश्तोफ कोमेदाची, डिसेंबर १९६५मधली. कोमेदा म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखान्यातल्या लोकांना आपण जॅझ वाजवतो हे कळू नये म्हणून त्यानं हे टोपणनाव घेतलं होतं. ती मिळाली. त्यावरचा ट्रम्पेट तरण्या स्टान्कोचा. मी दुकानदाराला म्हटलं, स्टान्कोचं आणखी काही? तो म्हणाला, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, भारत, पुण्याजवळ. तो काही न बोलता मागे गेला आणि एक पाकीट घेऊन आला.

'म्युझिक फ्रॉम ताज महाल अँड कार्ला केव्ह्ज'. १९८०. फिनलंडच्या एडवर्ड वेसालाच्या 'लिओ'नं काढलेली. स्टान्को एकटा. बाबा, आपलं कार्ला! तळेगावाहून लोकलनं मळवली, मग चालत, मग पायऱ्या.

हे माझ्या कानावर कधीच कसं आलं नाही? मुंबईत तेव्हा जॅझ यात्रा सुरू झालेली होती, रंगभवनात परदेशी वादक येत होते, हे वाचलेलं होतं. पण कार्ल्याच्या चैत्यात कुणी ट्रम्पेट घेऊन उभं राहिलं होतं, हे मला वॉर्साच्या तळघरात समजावं! ताजमध्ये बासरी वाजवलेली पॉल हॉर्नची रेकॉर्ड सगळ्या जगाला ठाऊक. कार्ल्याचं कुणी नावही काढत नाही.

दुकानदारानं हेडफोन दिले. मी ऐकलं ते सांगते. एक सूर येतो, काठाला जरा खरखरीत, स्टान्कोचा असतो तसा. तो सोडून देतो. मग तो वाजवतच नाही, थांबतो. आणि लेणं वाजायला लागतं. सूर खांबांमधून मागे जातो, वरच्या कमानीत चढतो आणि विरळ होत परत येतो, तेव्हा त्यावर हा दुसरा सूर ठेवतो. घाई नाही. कार्ल्याचं छत म्हणजे दगडाला बसवलेल्या लाकडी फासळ्या, दोन हजार वर्षांच्या, अजून जागेवर. मला उगाच वाटत राहिलं की घुमारा दगडाचा आहे, पण त्यातली ऊब लाकडाची. शास्त्रीयदृष्ट्या हे कितपत खरं ते तुम्ही सांगा.

आणि मला तुम्ही दिसलात. मी सात-आठ वर्षांची, एकवीरेचं दर्शन झाल्यावर तुम्ही मला चैत्यात नेलंत, मधोमध उभं केलंत आणि एक टाळी वाजवलीत. एकच. आणि बोटांवर मोजत राहिलात. रखवालदारानं शिट्टी मारली. ती शिट्टीही घुमली, तर तुम्ही तीही मोजलीत! आई बाहेर दगडावर बसून म्हणत होती, देवीला आलोय की मोजमापाला?

तिथल्या खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत कितीतरी यवन आहेत. परक्यांनी येऊन त्या लेण्यात आपलं काहीतरी ठेवून जायचं, ही तिथली जुनी रीत आहे. या पोलिश माणसानं आवाज ठेवला, एवढंच. २०१८मध्ये तो गेला, इथेच, वॉर्सात.

रेकॉर्ड मला परवडण्यातली नव्हती. दुकानदारानं पुन्हा पहिल्यापासून लावून दिली आणि चहा विचारला.

आता रुदनिकवरून जे आठवलं ते. तुमचा माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तुम्ही कापलेल्या टेपांचे तुकडे: गायकांचे खाकरणे, तंबोऱ्याची खुंटी पिळतानाचा करकर आवाज, निवेदकानं सकाळी सात वाजता चुकून म्हटलेलं 'शुभ रात्र'. आई त्याला 'खोकलासंग्रह' म्हणायची. जिथे तुम्ही तीस वर्षं काम केलंत तिथल्या अख्ख्या मैफली नवी टेप मिळत नाही म्हणून पुसल्या गेल्या, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, आणि नंतर विषय काढू दिला नाहीत. तेव्हा त्या मैफलींचं आता जे काही उरलं असेल ते बहुधा त्या डब्यातच आहे. कापून टाकलेलं तेवढंच.

दसऱ्याआधी रंगकाम काढताय, माळा रिकामा होणार, आणि दादा सगळं भंगारवाल्याला द्यायला टपलाय, हे कालच्या फोनवर कळलं. डबा खाली काढून माझ्या कपाटात ठेवा. स्पीकरजवळ नको, खिडकीशी नको. आणि मशीनवर लावून बघू नका. मी एकोणीसला पोचते.

तुमची,
नंदा