जुना कपडा : वर्गातला एक पाठ



खरेदी म्हटलं की मला कंटाळा येतो. दुकानात शिरायचं, दहा कपडे उलगडायला लावायचे आणि अकरावा घ्यायचा, हे मला जमतच नाही. त्यामुळे जुन्या कपड्यांच्या बाजारात मी हौसेने गेले नव्हते. स्नेहसंमेलनातल्या नाटुकलीत आजोबांसाठी एक कोट हवा होता. नवा घेणं परवडणारं नव्हतं आणि भाड्याचा कोट मुलाच्या अंगात ढगळ होत होता. हमरापूरहून पनवेलची गाडी धरली आणि पुढे मुंबई गाठली.

रस्त्याकडेला पथारीवर शर्ट, पँट, साड्या यांचे ढीग होते. पहिल्यांदा हात घालायलाच संकोच वाटला. पण विकणाऱ्या मावशींचं काम पाहत राहिले आणि हळूहळू नजर तयार झाली. कपडा उजेडात धरायचा, म्हणजे विरलेली जागा दिसते. कॉलर, काख आणि खिशाचे कोपरे आधी बघायचे. चेन दोनदा वरखाली करायची. धुऊन, रफू करून, इस्त्री केलेला शर्ट वेगळ्या गठ्ठ्यात आणि त्याचा भावही वेगळा. मला मिळालेल्या कोटाच्या आत टेलरच्या नावाची पट्टी होती, आणि बाहीला जुन्या दुमडीच्या दोन रेघा. म्हणजे तो कोट कुणासाठी तरी दोनदा वाढवला होता.

वर्गात मुलांनी त्या रेघा पाहिल्या आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कोणाचा होता? का विकला? टेलर कुठला? पुस्तकातल्या पाठाला इतके प्रश्न क्वचितच येतात!

आता मूळ मुद्दा. त्याच वर्षी वर्गात एक गोष्ट घडली. एक मुलगी छान फुलाफुलांचा फ्रॉक घालून आली. दुसरी मोठ्याने म्हणाली, "यो माझा फ्रॉक हाय ना!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिने फक्त ओळखलं. पण पहिलीचा चेहरा उतरला. त्यानंतर तो फ्रॉक शाळेत दिसला नाही. कपडा चांगलाच होता, मापातही होता. मग बोचलं काय? तो कपडा जुना असणं नव्हे, तो "दिलेला" असणं बोचलं.

थोडा विचार केला की लक्षात येतं, आपल्या घरांत जुन्या कपड्याची लाज कधीच नव्हती. आजीच्या नऊवारीची बाळाला दुपटी होतात, कारण धुऊन धुऊन ते सुती कापड मऊ झालेलं असतं. उरलेल्याची गोधडी. त्याहून विरलं की फडकं, नाहीतर आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचे हात पुसायला चिंधी. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, हे तर घरोघरी चालतं.

दारावर येणारी बोहारीण आठवा. दोन साड्या, तीन पँटी द्या, स्टीलचं पातेलं घ्या. ती प्रत्येक कपडा उलटसुलट बघते, फाटका परत करते, आई आणखी एका शर्टावर सौदा तोडते. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. या व्यवसायात गुजरातमधून आलेला वाघरी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. दिल्लीच्या रघुबीर नगरात त्यांचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारातच सुरू होतो. तिकडे हरियाणात पानिपतला परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे रंगानुसार निवडतात, बटणं-चेन काढतात, पिंजून पुन्हा सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं होतात.

अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये 'गूंज' संस्था सुरू केली. 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी : गावातले लोक विहीर खोदणं, तळं साफ करणं, बांबूचा पूल बांधणं असं काम स्वतः ठरवतात, करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. कपडा तोच, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते.

हेच सूत्र धरून आम्ही वर्गात 'अदलाबदल दिवस' केला. तुम्हालाही करता येईल. पद्धत सोपी आहे :

1. प्रत्येकाने घरून धुतलेली, न फाटलेली एक वस्तू आणायची. फ्रॉक, टोपी, ओढणी, काहीही. मोठं नसेल तर रुमालही चालतो.
2. वस्तू आणली की एक चिठ्ठी मिळते. एका चिठ्ठीला एकच वस्तू. वस्तूंना भाव नाही.
3. बाईही आणणार आणि बाईही घेणार. ही अट सोडू नका. मी माझी एक ओढणी दिली आणि एक कापडी पिशवी घेतली.
4. निवडण्याआधी प्रत्येक कपड्याची एक ओळ वाचायची : "मी हा घालून जत्रेला गेले होते."

या ओळींमुळे वातावरणच बदललं. "माझा जुना" म्हणण्याऐवजी मुलं "माझ्या फ्रॉकची गोष्ट तुझ्याकडे आली" असं म्हणू लागली. लेखन झालं, वाचन झालं. गणितही झालं : एका सुती टी-शर्टमागे साधारण 2700 लिटर पाणी लागतं असं मानतात. एक माणूस रोज 3 लिटर पाणी पीत असेल तर ते किती दिवस पुरेल? उत्तर 900 दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. चौथीच्या मुलांनी भागाकार दोनदा करून पाहिला, कारण विश्वासच बसेना.

पालकांना एक विनंती. शेजारच्या मुलाला कपडे देताना ते गुपचूप, त्याच्या आईच्या हाती द्या आणि आपल्या मुलाला सांगा की एकदा दिलेला कपडा आता त्याचा. शक्य असेल तर तुम्हीही त्यांच्याकडून काहीतरी घ्या, गोष्टीचं पुस्तक, वाटीभर वाल, काहीही. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी असलं की कुठल्याच मुलाला शाळेत मान खाली घालावी लागत नाही.

तुमच्या शाळेत हा उपक्रम केलात तर मुलांच्या त्या एकेका ओळी जपून ठेवा. पुढच्या वर्षी भाषेच्या तासाला तोच उत्तम पाठ होईल.