नासक हिऱ्याचे मोल

त्र्यंबकेश्वराला वाहिलेला होता असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, तो ‘नासक’ हिरा १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले. मुळात नव्वद कॅरटच्या आसपास असलेला हा खडा १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने पुन्हा घासला आणि तो ४३.३८ कॅरटचा उरला. निम्म्याहून अधिक हिरा नाहीसा झाला, तरी १९७० च्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांनी सहा कोनांचे, आठ पृष्ठांचे, निसर्गाने घडवले तसेच असलेले वज्र श्रेष्ठ मानले होते. युरोपला हवा होता प्रकाशाचा खेळ, मग त्यासाठी वजन गेले तरी चालेल. दगड एकच, पण त्यात काय मोलाचे हे प्रत्येक काळाने आपापले ठरवले. हिऱ्याची किंमत त्याच्या अंगात नसते, ती माणसे त्याला देतात, असे मला वाटते ते म्हणूनच.

हिऱ्याइतके कठीण दुसरे काय आहे, असे यावर कोणी विचारील. पण निव्वळ कठीणपणासाठी लागणारा हिरा कारखान्यात तयार होतो, खडकाला भोके पाडायला आणि धातू घासायला वापरला जातो, आणि त्याचे कोणाला अप्रूप नसते. दुर्मिळतेचा दाखला याहून वजनदार आहे. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवला तो मुख्यतः भारताने, आणि तेव्हा तो खरोखरच थोडा होता. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत मात्र तो इतका निघू लागला की १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने बाजारात किती माल सोडायचा हे आपल्या मुठीत ठेवले. पुढे १९४७ मध्ये तिच्या जाहिरातींसाठी हिरा चिरंतन असल्याचे घोषवाक्य लिहिले गेले आणि वाङ्‌निश्चयाची अंगठी हिऱ्याचीच हवी ही समजूत पक्की होत गेली. आज प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखता येत नाही, तोही कार्बनच, तरी तो कितीतरी स्वस्त मिळतो. नुसत्या तेजाला पैसे मोजले जात असते, तर हा फरक पडलाच नसता.

मग हे सारे खोटेच का? तसे मी म्हणणार नाही. आजीच्या हिऱ्याच्या कुड्या नातीला मिळतात तेव्हा त्या देण्यात खरे मोल असते, आणि कुठलाही कारखाना ते कमी करू शकत नाही. खटकते ते हे, की त्याच भावनेला गुंतवणूक म्हणून विकले जाते. सराफाकडे सोने मोडायला नेले तर त्या दिवसाचा भाव धरून हिशेब होतो. हिरा परत विकायला नेला की दिलेल्या किमतीचा मोठा भाग हातचा गेलेला असतो. हे घेणाऱ्याला आधी स्पष्ट सांगायला हवे. आणि नासकचे पाच लाख डॉलर? देवाला वाहिलेली वस्तू विकायची नसते, वाहणाऱ्याने तिच्यावर भाव लिहिलेला नसतो. म्हणून कोणत्याही लिलावाचा आकडा त्र्यंबकेश्वराचे काय गेले याचा हिशेब देऊ शकत नाही.