स्टॉकची किल्ली

आमच्या खात्यात पदांची नावं ऐकण्यासारखी आहेत. नोकरीला लागते ती अधिपरिचारिका. बरीच वर्षं रात्रपाळ्या काढल्या की परिसेविका, आणि नशीब जोरावर असेल तर निवृत्तीआधी अधिसेविका. बाई जसजशी वर चढते, तसतशी ‘सेविका’ होत जाते. सरकारी मराठीत एवढा अर्थ सहसा सापडत नाही. वॉर्डात ही नावं कोणी घेत नाही म्हणा. तिथे स्टाफ, इन्चार्ज आणि मेट्रन.

मी इन्चार्ज झाले त्या दिवशी आधीच्या बाईंनी चादरी, उशा, किडनी ट्रे मोजून रजिस्टरवर माझी सही घेतली आणि किल्ल्यांचा जुडगा हातावर ठेवला. काही हरवलं तर जाब इन्चार्जला. त्या धास्तीने मीही तेच केलं जे इतर इन्चार्ज करत होत्या. दुपारी निघताना स्टॉकच्या कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. रात्रीसाठी बाहेर चार आयव्ही सेट आणि मोजके हातमोजे.

एका सकाळी सातला पोचले तर नाईटची मुलगी शेजारच्या वॉर्डाच्या वहीत उसनवारी लिहीत होती. रात्रीत एकामागून एक पेशंट आले, सेट संपले. शेवटचे आजोबा जुलाबाने गळून गेलेले. हातात सुई लावलेली, स्टँडला सलाइनची बाटली लटकलेली, आणि दोन्ही जोडणारी नळी माझ्या कपाटात. ती दोन मजले उतरून कॅज्युअल्टीतून सेट मागून आली. मला म्हणाली, “तीन परत करायचेत, सिस्टर.” बाकी तक्रार नाही. ते फार लागलं. त्याच पायऱ्या मीही रात्रीबेरात्री उतरले होते, आणि तेव्हाच्या इन्चार्जचा उद्धारही केला होता.

नर्सिंगला गेल्यावर आम्हाला दिवा घेऊन शपथ देतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा तो दिवा. पण १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली, तेव्हा तिचा बराचसा वेळ गेला सदरे, चादरी, धुलाईघर आणि स्वयंपाकघर यांत. सामान कोठीत पडलेलं असायचं आणि कागद-सह्यांच्या घोळात जखमी शिपायापर्यंत पोचत नसायचं. हे वाचलं तेव्हा ती बाई मला पहिल्यांदा ओळखीची वाटली.

मी किल्ली ड्युटीरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, शेजारी दोरीने पेन बांधलेली वही. जी घेईल तिने लिहावं. पहिल्याच महिन्यात हातमोज्यांचा एक डबा कमी भरला. तो मी पदरच्या पैशाने आणून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. आता सांगून टाकलं, असो.

मग सेवेचं वारं जरा जास्तच अंगात शिरलं. बेड मीच करायचे, ड्रेसिंगची ट्रॉलीही मीच ढकलायचे. मुली अवघडून उभ्या राहायच्या. शेवटी वॉर्डातल्या मावशींनीच सुनावलं, “सिस्टर, बेडं आम्ही करतो. तुम्ही स्टोअरला भांडायला जा. तिथं आमचं कोण ऐकतंय?” इतकं नेमकं मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी इनडेंट घेऊन स्टोअरला खेटे घालते आणि कुणाचा रजेचा अर्ज अडला तर क्लार्कसमोर बसून राहते. महिन्याचा ड्युटी चार्ट लावताना कुणाचं बाळ अंगावर पितंय, कुणाच्या घरी गौरी बसतात, हे आधी बघते. सगळ्यांचं जमत नाही. गणपतीत कोणीतरी रुसतंच.

मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला फोन वाजला. तीच मुलगी. “सिस्टर, सोळा नंबरचं अँटिबायोटिक मी एकोणीसला दिलं.” आवाज कापत होता. डॉक्टरांना सांगितलंस? सांगितलं. ॲलर्जी विचारलीस? विचारली, नाही म्हणाले. अंगावर पुरळ, दम? काही नाही, पंधरा-पंधरा मिनिटांनी बीपी बघतेय. सोळाला डोस दिलास? दिला. वहीत लिहिलंस? लिहितेय.

मी दिवा लावून पलंगावर बसून राहिले. तिने सांगितलं नसतं तर कळलं नसतं. तिच्या वयाची असताना एकदा माझ्या हातूनही असंच झालं होतं, आणि मी कळू दिलं नव्हतं.

सहाची बस असते. त्या दिवशी पाचची पकडली.